बळाचा पत्ता

२१ डिसेंबर १९६७ची पहाट. आयर्लंडच्या मीथ परगण्यात, बॉइन नदीच्या काठावरल्या एका प्रचंड टेकाडाच्या पोटात, मिट्ट काळोखात मायकेल ओ'केली एकटेच थांबले होते. ते कॉर्कच्या विद्यापीठात पुरातत्त्वाचे प्राध्यापक. न्यूग्रेंज नावाच्या या अश्मयुगीन थडग्याचं उत्खनन १९६२पासून त्यांच्या देखरेखीखाली चाललं होतं. काम सुरू झालं तेव्हापासून आसपासचे लोक त्यांना एक गोष्ट ऐकवत. वर्षातून एकदा उगवता सूर्य थेट आत येतो म्हणे, आणि गाभाऱ्यातल्या दगडावर कोरलेली तीन वेटोळी उजळून निघतात. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस मात्र एकही भेटेना. लोक इंग्लंडातल्या स्टोनहेंजची गोष्ट इकडे चिकटवत असावेत, असा ओ'केलींचा कयास होता.

मग दाराच्या वर, मातीखाली दडलेला एक दगडी झरोका उघडा पडला. खाली दार असताना वर हा झरोका कशासाठी? थडग्याचं तोंड आग्नेयेला, आणि आयर्लंडमध्ये सूर्य तिथे उगवतो तो फक्त ऐन हिवाळ्यात. म्हणून वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या पहाटे ओ'केली आत जाऊन बसले. सूर्य क्षितिजावर आल्यावर काही मिनिटांत झरोक्यातून उजेडाची बारीक रेघ आत आली, जमिनीवरून सरकत गाभाऱ्यापर्यंत पोहोचली, रुंदावली. डोक्यावरचं छत दिसू लागलं. साधारण सतरा मिनिटांनी रेघ पुन्हा बारीक झाली आणि विझली. गावकऱ्यांची गोष्ट खरी निघाली.

आज आपल्याला हा चमत्कार वाटतो, पण त्यामागे चोख बांधकाम आहे. दारापासून गाभाऱ्यापर्यंतचा बोळ १९ मीटर लांब. तो सपाट नाही, चढत जातो. गाभाऱ्याची जमीन दारापेक्षा सुमारे दोन मीटर उंच आहे, म्हणजे थेट झरोक्याच्या पातळीला. दारातून शिरलेला उजेड बोळाच्या मध्येच संपतो, झरोक्यातून शिरलेला शेवटापर्यंत जातो. गाभाऱ्याचं सहा मीटर उंचीचं छत एकावर एक पुढे सरकवत रचलेल्या शिळांचं आहे. त्यात चुना नाही, सिमेंट नाही. शिळांच्या पाठीवर पावसाचं पाणी बाहेर वळवायला पन्हळी कोरल्या आहेत. सांधे जळक्या मातीने आणि समुद्राच्या वाळूने बुजवले आहेत. हे छत आजही गळत नाही. भोवती ९७ कडेचे दगड, वर सुमारे ८५ मीटर व्यासाचं टेकाड. बांधकामासाठी पांढरी गारगोटी आणली ती दक्षिणेच्या विक्लो डोंगरांतून.

हे सगळं उभं राहिलं ते इ.स.पू. ३२००च्या सुमारास. गिझाचा मोठा पिरॅमिड त्याच्यानंतर सहाशे वर्षांनी आला. बांधणाऱ्यांपाशी धातू नव्हता, चाक नव्हतं, लिपी नव्हती. ते शेतकरी होते. शेतकऱ्याला क्षितिज पाठ असतं. सूर्योदयाची जागा शरदात रोज दक्षिणेकडे सरकते, डिसेंबरात काही दिवस एकाच जागी अडून राहिल्यासारखी दिसते आणि मग परत फिरते. ती परत फिरते, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं आणि मेलेल्यांच्या खोलीत पाच हजार वर्षं टिकेल अशा रीतीने लिहून ठेवलं. पृथ्वीचा आस किंचित कलंडत गेल्यामुळे आज किरण आत यायला सूर्योदयानंतर चार-साडेचार मिनिटं लागतात. बांधकाम नवं होतं तेव्हा तो सूर्योदयाबरोबरच आत यायचा.

इथे एक गाठ सोडवून घ्यायला हवी. 'केल्टिक पुराणं' म्हटली की न्यूग्रेंजचं चित्र हमखास पुढे येतं. पण न्यूग्रेंज बांधणारे केल्ट नव्हते. आयरिश भाषा त्या बेटावर आली ती बऱ्याच शतकांनंतर. इतकंच काय, मध्ययुगातले आयरिश लोक स्वतःला केल्ट म्हणवतही नसत. आयरिश, वेल्श, ब्रेटन, कॉर्निश या भाषा एकाच कुळातल्या आहेत हे नीट मांडून दाखवलं ते वेल्श विद्वान एडवर्ड लुइड यांनी, १७०७ साली. केल्टिक हे कुलनाम रूढ झालं ते त्यानंतर. योगायोग असा की हेच लुइड १६९९मध्ये न्यूग्रेंजला आले होते. दगड काढायला आलेल्या मजुरांना टेकाडाचं तोंड नुकतंच सापडलं होतं. आत रांगत जाऊन त्यांनी वर्णन लिहून ठेवलं. म्हणजे ज्या माणसाने केल्ट या कल्पनेचा पाया घातला, त्यानेच केल्टांहून कितीतरी जुनी ही वास्तू जगासमोर आणली.

मग केल्टिक पुराणांचा या वास्तूशी संबंध काय? वारशात मिळालेल्या घराशी नव्या बिऱ्हाडाचा असतो, तोच. आयरिश बोलणाऱ्यांना ही टेकाडं आयती मिळाली. कोणी बांधली, कशाला बांधली, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. त्यांनी ती पाडली नाहीत. त्यांनी तिथे देव राहायला आणले.

त्यांच्या कथेत न्यूग्रेंज हा देवांचा वाडा आहे. डाग्डा हा देवांचा बाप. अफाट खाणारा, अफाट दांडगा. त्याचं मन बोअनवर बसतं. बोअन म्हणजेच बॉइन नदी. ती दुसऱ्याची बायको. डाग्डा तिच्या नवऱ्याला एका दिवसाच्या कामावर धाडतो आणि सूर्याला आकाशात नऊ महिने थांबवून धरतो. नवरा परत येतो तेव्हा त्याच्या लेखी एकच दिवस गेलेला असतो, इकडे मात्र मूल जन्मलेलं असतं. ते मूल म्हणजे एंगस, तारुण्याचा देव. पुढे तोच हा वाडा मागतो, एक दिवस आणि एक रात्र. मुदत संपली तरी हलत नाही. म्हणतो, सगळा काळ दिवस आणि रात्र यांचाच तर बनलेला आहे.

सूर्य अडून राहतो त्या दिवसांसाठी बांधलेली जागा, आणि तिथेच सूर्य थांबवल्याची कथा! शेजारचं डाउथ नावाचं टेकाड तर आणखी चकित करतं. त्याचा दक्षिणेकडचा गाभारा त्याच दिवसांतल्या सूर्यास्ताने उजळतो. मध्ययुगीन कथा सांगते की ब्रेसल नावाच्या राजाने स्वर्गापर्यंत बुरूज बांधायला एका दिवसासाठी माणसं बोलावली. काम होईतो सूर्य मावळू नये म्हणून त्याच्या बहिणीने मंत्र घातला. राजाने बहिणीशीच संग केला, मंत्र फुटला, अंधार पडला आणि माणसं काम टाकून घरी गेली. मग २०२० साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या शास्त्रज्ञांनी न्यूग्रेंजच्या गाभाऱ्यातल्या एका माणसाचा जनुकसंच वाचला. त्याचे आईवडील सख्खी भावंडं तरी होती किंवा पालक आणि अपत्य तरी. तो राजघराण्यातला असावा, हा त्यांचा तर्क २०२५मध्ये इतर पुरातत्त्वज्ञांनी खोडून काढायचा प्रयत्न केला आहे, आणि एका माणसाच्या हाडावरून राजवट उभी करू नये हे त्यांचं म्हणणं रास्त आहे. शास्त्रज्ञांनी स्वतःच्या निबंधात त्या जुन्या कथेची दखल घेतली, हेही तितकंच खरं.

आयर्लंडमध्ये अशा कथांचं एक शास्त्रच होतं. दिनशेनहस म्हणजे त्यांचं स्थलपुराण. बाराव्या शतकातल्या 'लेन्स्टरचा ग्रंथ' या हस्तलिखितात त्याचा मोठा साठा आहे. कवी होऊ पाहणाऱ्याला प्रत्येक टेकडी, ओढा, पाणवठा यांची कथा पाठ असावी लागे. पाठ नसेल तर तो कवी नव्हे. पुढे भाषा मागे पडली, १८४५नंतरच्या दुष्काळात दहा लाख माणसं मेली, आणखी तितकीच देश सोडून गेली, तरी कथा गावाला धरून राहिल्या. १९३७ ते १९३९ या काळात सरकारने शाळकरी मुलांना घरच्या म्हाताऱ्यांकडून त्या उतरवून आणायला सांगितलं. सुमारे पन्नास हजार मुलांनी वह्या भरल्या. १९९९मध्ये क्लेअर परगण्यात महामार्गाच्या वाटेत एक काटेरी झाड आलं. परीलोकांच्या लढवय्यांच्या जमण्याची ती जागा आहे, असं कथेकरी एडी लेनिहन यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहून ठणकावलं आणि रस्ता झाडाला वळसा घालून गेला.

मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल, कारण गोव्यात जन्मलेल्या आणि पुण्यात राहिलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी नेमकं हेच काम आपल्या माळांवर केलं. पुण्याभोवतीच्या वेशीबाहेरच्या देवी आणि अश्मयुगीन हत्यारं सापडणाऱ्या जुन्या वाटा यांची सांगड त्यांनी पायी हिंडून घातली. त्यांचं 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' १९६२चं. त्याच वर्षी माइरा मॅकनील यांचं 'द फेस्टिव्हल ऑफ लूनासा' आलं. ऑगस्टच्या तोंडावर लोक कोणत्या डोंगरांवर आणि झऱ्यांवर जमत, याचा आयर्लंडभरचा शोध त्यात आहे. डोंगर तेच, जत्रा तीच, देवाचं नाव तेवढं बदललेलं, हे दोघांनाही दिसलं.

आता बळाचा प्रश्न: अशा भूमीतून आणि तिच्या कथांतून माणसाला बळ मिळतं का? पाश्चात्त्य बाजारात सध्या 'केल्टिक शहाणपण' जोरात विकलं जातं: पत्ते, ताईत, झाडांवरून भविष्य. केल्टांचं म्हणून खपणारं वृक्षपंचांग खरं तर कवी रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांच्या १९४८च्या पुस्तकात जन्मलं. हे बाजूला सारून मूळ कथा वाचल्या की पहिला धक्का बसतो तो असा, की त्यांत जिंकणारं जवळजवळ कुणीच नाही.

बोअनचंच घ्या. तिला ज्ञानाच्या विहिरीजवळ जायची मनाई असते. विहिरीवर नऊ हेझेल वृक्ष. त्यांची फळं पाण्यात पडतात, ती खाऊन मासा ज्ञानी होतो. बोअन जाते, विहिरीला उलट्या दिशेने प्रदक्षिणा घालते. पाणी उसळतं, तिचा एक डोळा, एक हात, एक मांडी तोडून नेतं आणि समुद्रापर्यंत तिचा पाठलाग करतं. तीच नदी होते. कथा तिला शहाणपण शिकवत नाही, माफही करत नाही. पण बेटावरची सुपीक जमीन त्या मोडलेल्या बाईने भिजवली आहे, आणि ज्ञानाचा मासा तिच्याच पाण्यात राहतो.

कू खुलिन हा अल्स्टरचा एकट्याने फौज अडवणारा वीर. भाल्याने त्याचं पोट फाटतं. तो तळ्यावर पाणी पितो आणि उभ्याने मरण यावं म्हणून कमरेच्या पट्ट्याने स्वतःला एका शिळेला बांधून घेतो. मोरिगन ही युद्धाची देवता डोमकावळ्याच्या रूपात खांद्यावर बसेपर्यंत शत्रू जवळ यायला धजत नाहीत. लाउथ परगण्यात नॉकब्रिज गावापाशी शेतात तीन मीटर उंचीची शिळा आजही उभी आहे. लोक म्हणतात ती हीच. मरणाच्या या प्रसंगाचा ऑलिव्हर शेपर्ड यांनी केलेला पुतळा १९३५पासून डब्लिनच्या मुख्य टपाल कचेरीत आहे, १९१६च्या उठावाचं स्मारक म्हणून. गंमत अशी की उत्तरेत ब्रिटनशी एकनिष्ठ असलेल्यांनीही आपल्या गल्लीतल्या भिंतींवर याच वीराला रंगवलं. पुराणकथा बळ देते, पण कुणाला द्यायचं हे ती निवडत नाही. वाचणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

आणि काल्याख, म्हातारी. स्कॉटलंड आणि आयर्लंडभर ती आहे. हिवाळा तिचा. डोंगर तिने ओच्यातून सांडलेल्या दगडांचे झाले आहेत. मीथमधल्या लॉखक्रूच्या टेकड्यांवर न्यूग्रेंजसारखीच प्राचीन थडगी आहेत. त्या टेकड्यांना तिचंच नाव, आणि एक कोरीव शिळा तिची खुर्ची म्हणून दाखवतात. कॉर्कमध्ये बेरा द्वीपकल्पावर खाडीकडे तोंड करून एक खडबडीत शिळा आहे. ती वाट पाहत दगड झालेली म्हातारी. लोक तिच्यापाशी नाणी, मणी, चिठ्ठ्या ठेवून जातात. तिच्या तोंडी घातलेली एक जुनी आयरिश कविता नवव्या शतकाच्या आसपासची आहे. एकेकाळी राजांना कवेत घेणारे आपले हात आता काटकुळे झाले, भरती गेली आणि ओहोटी उरली, असं ती सांगते. म्हातारपणाला तिथे कसलाही मुलामा नाही. स्कॉटलंडच्या ग्लेन लायन खोऱ्यात तर तिचं घरच आहे, गवताने शाकारलेलं, गुडघ्याएवढं. आत ओढ्याने गुळगुळीत केलेले दगड, म्हणजे म्हातारी, म्हातारा आणि त्यांची लेकरं. मे महिन्याच्या सुरुवातीला ते बाहेर काढतात, नोव्हेंबरच्या तोंडावर परत आत ठेवतात. खोऱ्यातल्या मेंढपाळांनी हा रिवाज पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला.

हीच म्हातारी नायल नावाच्या राजपुत्राच्या कथेत विहिरीवर बसलेली असते. तहानलेल्या राजपुत्रांना म्हणते, मुका द्या, मग पाणी. त्याचे सावत्र भाऊ तोंड फिरवतात. नायल तिला मिठी मारतो, आणि ती देखणी होऊन त्याच्या हाती राज्य देते. जे किळसवाणं वाटतं त्याला कवटाळल्याशिवाय सत्ता मिळत नाही, ही आयरिश राजनीतीची अट आहे.

भीतीचाही पत्ता आहे. रॉसकॉमन परगण्यात राथक्रोहन नावाचा माळ आहे. तिथे साडेसहा चौरस किलोमीटरमध्ये २४०हून जास्त प्राचीन स्थळं आहेत. त्यांतली मांजरांची गुहा म्हणजे मोरिगनचं घर. ऑक्टोबर संपता संपता, साऊन सणाच्या रात्री, जगाची फट उघडते आणि गुहेतून भुतं बाहेर पडतात, असं जुने ग्रंथ सांगतात. हॅलोविनचं मूळ याच सणात आहे. आत जायला आधी माणसांनी रचलेल्या भुयारातून सरपटावं लागतं, मग चुनखडीची नैसर्गिक भेग लागते. तोंडाशी आडव्या दगडावर जुन्या ओघम लिपीत मेव्हच्या मुलाचं नाव कोरलेलं आहे. मेव्ह ही कथांमधली याच माळाची राणी.

नदी, शिळा, टेकडी, गुहा. या कथांमध्ये कुठेही डोळे मिटून आत डोकावायला सांगितलेलं नाही. मोडलेपणाला, मरणाला, म्हातारपणाला, भीतीला त्यांनी एकेक जागा नेमून दिली आणि माणसाला तिथे चालत जायला लावलं. माझ्या मते यांचं सगळं सामर्थ्य या नेमणुकीत आहे. दुःख नुसतं मनात असतं तेव्हा त्याला कडा नसते. त्याला एक शिळा मिळाली की तिच्याभोवती फिरता येतं, तिच्यापाशी काही ठेवता येतं आणि पाठ फिरवून घरी येता येतं. वर ती शिळा आपल्याआधी हजारो वर्षं उभी असते. तिच्या आयुष्यात आपला वाईट काळ किती, याचा हिशेब कुणी न सांगता होतो.

हा रिवाज अजून जिवंत आहे, हे पाहायला डोनेगल परगण्यातल्या लॉख डर्गला जावं. कथेप्रमाणे या तळ्यात केओरानाख नावाची राक्षसीण होती. तिच्या रक्ताने पाणी लाल झालं, म्हणून नाव लॉख डर्ग, लाल तळं. पुढे ख्रिस्ती धर्म आला आणि बेटावरच्या गुहेत संत पॅट्रिकला परलोकाचं दर्शन झालं असं सांगू लागले. बाराव्या शतकापासून युरोपभरचे यात्रेकरू तिथे येत. गुहा कधीच बंद झाली, यात्रा चालू आहे. उन्हाळ्यात लोक होडीने बेटावर जातात, बूट काढतात आणि तीन दिवस अनवाणी राहतात. दिवसातून एकदा कोरडी भाकरी आणि बिनदुधाचा चहा. पहिली रात्र जागून काढायची. जुन्या मठाच्या कोठड्यांचे दगडी गोल पाये उरले आहेत, त्यांना शय्या म्हणतात. त्यांच्याभोवती अणकुचीदार दगडांवरून फेऱ्या घालत प्रार्थना म्हणायच्या. आयर्लंडमध्ये चर्चचा दबदबा ओसरला आहे, तरी श्रद्धा नसलेलेही इथे येतात. पेन्शनीत निघालेले येतात, परीक्षेला बसणारे येतात, कुणी गेलेलं असतं म्हणून येतात. तिथे बळावर कुणी व्याख्यान देत नाही. झोप, अन्न आणि पायताण काढून घेतात. उरतं ते तुमचं.

प्राचीन भूमीतून बळ मिळतं का, याचं माझं उत्तर होकारार्थी आहे, पण त्याला एक अट आहे. ते दगडातून पाझरत नाही, आणि केल्ट असण्यावर तर मुळीच अवलंबून नाही. न्यूग्रेंज बांधणारे वेगळे, त्यात देव वसवणारे वेगळे, देवांची नावं बदलून संत करणारे वेगळे. प्रत्येकाला परकी जागा मिळाली, आणि प्रत्येकाने तिची कथा शिकून, तिथे पुन्हा पुन्हा जाऊन ती आपली केली. तेवढं करायची तयारी असलेल्याला कुठलीही जुनी भूमी चालते. तेव्हा केल्टिक पुराणं वाचून आपल्याला मोठं बळ आलं, असं कुणी सांगू लागलं तर त्याला एकच विचारावं: चाललात किती?